अडतीस छातीचा स्वेटर

१८ नोव्हेंबर १९४०

ही वही दादाची, कचेरीतून आणलेली. पानांवर सरकारी फसली महिने छापलेत, ते खोडून मी इंग्रजी तारखा घालतोय. दादा म्हणाला, "रिकामा बसतोस, तर वाफ्यांचं टिपण तरी ठेव. काय पेरलं, कधी पेरलं."

मेथी, आठ तारखेला. कोथिंबीर, दहाला. वांग्याची रोपं अकरा, त्यातली तीन मेली. झालं टिपण. आता माझं लिहितो.

हैदराबादहून येऊन सतरा दिवस झाले. कॉलेजच्या मेसमध्ये वरणात झुरळ निघालं. मी वाटी उचलली आणि सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर उलथी केली. झुरळ होतं की करपलेला कांदा, यावर दोन मतं आहेत. माफीनामा लिहून दे म्हणाले. नाही दिला. रात्रीच्या गाडीत बसलो.

दादा त्यावर एवढंच म्हणाला, "वाटी उलथी करायला दोन वर्षं फी भरली मी." त्यानंतर माझ्या हातात कुदळ दिली.

खरं कारण दादाला सांगितलं नाही, वहीला सांगायला हरकत नाही. वहिनीचं श्रावणात पत्र आलं होतं, त्याच्या तळाशी एक ओळ : शेजारच्या भानूसाठी आता स्थळं बघतात. त्या ओळीनंतर मला पुस्तकात अक्षर दिसेना. झुरळ नसतं निघालं तर दुसरं काही निघालं असतं.


२१ नोव्हेंबर

भानू दिसली. आमचं परस आणि त्यांचं परस यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर त्यांच्या दोडक्याचा वेल. नहरीचं पाणी खापरी नळातून त्यांच्या हौदात पडतं, आणि हौद भरला की भिंतीतल्या भोकातून आमच्या पाटात येतं. भोकाचा बोळा काढणं-लावणं तिच्या आईच्या, वच्छलाकाकूंच्या मर्जीवर. आज बोळा काढायला भानू आली.

"सदूभाऊ, केवढे वाळलात! तिकडं खायला घालत नव्हते का?"

"घालत होते. झुरळं."

हसली. दोडका तोडून मला दिला, म्हणाली, "वहिनींना द्या." दोडका वहिनीला दिला नाही अजून. उशाशी आहे.

ती 'भाऊ' म्हणते ते लोकांसाठी. भिंतीपलीकडं तिची आई असते, दुसरं म्हणणार काय?


२५ नोव्हेंबर

वहिनीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखुरडं झालंय. बोट सुजून वांग्यासारखं. परसातलं एक लिंबू तोडून, भोक पाडून त्यात बोट खुपसून बसली आहे. भाकरी थापायला दगडाबाईला बोलवावं लागलं. दगडाबाई आमच्याकडं शेणखत घेऊन येते, धुणंही करते. ती म्हणाली, "बाई, हे लिंबू लई शोभतंय तुमास्नी. अंगठीच की." वहिनीला हसूही येईना.

संध्याकाळी वहिनीनं मला माजघरात बोलवलं. समोर राखी लोकरीच्या लडी.

"भाऊजी, तुम्हाला अजून येतं ना विणायला?"

मी उठून चाललो होतो. दहा वर्षांचा असताना मला मोतीझऱ्याचा ताप आला, चाळीस दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेव्हा वहिनी नवीन लग्न होऊन आलेली. मी आरडाओरडा करू नये म्हणून तिनं मला सुया दिल्या. ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला कळू दिली नव्हती.

"वच्छलाकाकूंनी स्वेटर सांगितलाय. मार्गशीर्षातच पाहिजे म्हणतात, पौष लागायच्या आधी. मी हो म्हणून बसले आणि हे बोट असं. पाणी देतात हो आपल्याला त्या. तोंडानं कधी म्हणत नाहीत, पण देतात."

"कुणाचा स्वेटर?"

"भाच्याचा म्हणाल्या." असं म्हणून वहिनी लिंबाकडं बघायला लागली.

माप कागदावर होतं, भानूच्या अक्षरात. छाती अडतीस. बाही तेवीस.

भानूच्या अक्षरात आहे म्हटल्यावर मी बसलो. शंभर टाके घालेपर्यंत बोटांना सगळं आठवलं होतं.


२७ नोव्हेंबर

खालची पट्टी झाली. दोन सुलट, दोन उलट, तीन इंच. मान दुखते.


२ डिसेंबर

मजीद आला. शाळेत चौथीपासून आम्ही एका बाकावर. त्यांच्या घरी हिमरू कापडाचा माग आहे, तो आता बापाबरोबर मागावरच बसतो. मी पेरूखाली विणत होतो, लपवायला वेळच मिळाला नाही.

"क्या बे सद्या, कॉलेज छोड के यही सीखा?"

"हळू बोल."

"काइकू? आमच्या घरात बायका कांड्या भरतात आणि मर्द माग चालवतात. तेरा बाप कारकून था, इसलिए तेरे कू शरम आती." त्यानं काम हातात घेऊन उलटं केलं, ताणून पाहिलं, उजेडात धरलं. मजीद थट्टा करताना वेगळा दिसतो आणि कापड बघताना वेगळा. "हात अच्छा है रे. एकदम कस के बुना हुआ. गुस्से में बुनता क्या?"

मग त्यानं ते माझ्या छातीला लावून पाहिलं. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर.

"ये तेरा नहीं है."

"भाच्याचा आहे, काकूंच्या."

"कौन सा भांजा? तेरी काकू को तो बहन-भाईच नहीं."

मी त्याला म्हणालो, तू आपला माग सांभाळ. तो गेला. नंतर मी विचार केला. खरंच, वच्छलाकाकूंना भाऊ नाही, बहीण नाही, नणंदही नाही. मग भाचा कुठला?

मला वाटतं मला कळलंय. इथं लिहीत नाही. लिहिलं तर दृष्ट लागेल.


५ डिसेंबर

लिहितोच.

भानूनं मला पाहिलं. मी सुया पाठीमागं लपवल्या तर लोकरीचा गुंडा घरंगळत थेट तिच्या भिंतीपाशी गेला. तिनं भिंतीवर पोट टेकवून वाकून पाहिलं.

"अगंबाई! तुम्ही विणताय? आईला वाटतंय वहिनी विणतात."

"काकूंना सांगू नकोस."

"नाही सांगत." तिनं कोपरं भिंतीवर टेकली. "दाखवा ना कसं ते. हळू." मी हळू दाखवलं. दोन ओळी तिनं बोटांनी हवेत करून पाहिल्या. मग म्हणाली, "मला नाही हो येत. आईनं किती मारलं, बोटंच वळत नाहीत. क्रोशाचा रुमालही विकत आणलेला आहे, माझा म्हणून दाखवतात."

"कुणाला दाखवतात?"

"येणाऱ्या-जाणाऱ्याला." आणि एकदम, "गळा नीट करा हं सदूभाऊ. गळ्याकडं आधी बघतात."

गळा नीट करा. दिवसभर तेच कानात. अडतीस छाती मोठी धरली असेल ती मी वाळलोय म्हणून. जाड होईन असं धरून चालली असेल. बायका माप नेहमी वाढतंच धरतात. संक्रांतीला मला देईल. तिळगूळ आणि वर हे.

वांग्याला आज पाणी द्यायचं राहिलं.


८ डिसेंबर

वहिनीचं बोट बरं झालं. ती म्हणाली, "आणा, उरलेलं मी करते. तुम्ही वाफ्यांकडं बघा, मेथीत तण माजलंय." मी दिलं नाही. तिनं ओढून घेऊन पुढच्या भागाच्या चार ओळी विणल्या. ओळी लगेच वेगळ्या दिसायला लागल्या, जशी कोरड्या भिंतीवर ओल. वहिनीचा हात सैल आहे, मोकळा. माझा आवळलेला.

"एका कपड्यात दोन हात चालत नाहीत," वहिनी स्वतःच म्हणाली आणि चारही ओळी उसवल्या. "तुम्हीच करा. आता तुम्हालाच करावं लागणार."

मग बराच वेळ सुईशी खेळत बसली. "भाऊजी, एक सांगू?"

"नंतर सांगा. टाके मोजतोय."

नंतर तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.


११ डिसेंबर

दगडाबाईनं शेणखताची पाटी ओतली आणि तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शेजारी पाव्हणे येनार, ह्या न्हाई, पुढल्या शुक्रवारी. फर्दापूरचे. पोरगा तिथं सरकारी बंगल्यावर कारकून हाय म्हनं. लेनी बघायला सायब येत्यात, त्यास्नी ह्यो उतरवून घेतो."

"कसले पाहुणे?"

"कसले म्हंजे? भानूताईला बघायला. लई उंच हाय म्हनं पोरगा. हात ह्ये एवढाले." तिनं पाटी माझ्या खांद्यापासून लांबवून दाखवली. "तिकडं थंडी लई. म्हून तर व्हनाऱ्या सासूनं आधीच माप धाडलं. पोरीनं इनून दाखवावं, म्हनली."

मी खोरं टाकलं. घरात गेलो. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, एक बाही पूर्ण आणि दुसरी कोपरापर्यंत. पहिल्या बाहीचं टोक धरलं आणि ओढलं. लोकर उसवताना आवाज येत नाही, हे फार वाईट आहे. काहीतरी फुटायला हवं होतं. सगळी बाही ओढून संपली आणि माझ्या पायाशी नुसत्या शेवया.

वहिनी दारात होती. "दुसरीही उसवा," म्हणाली. "मग मी काकूंना सांगते, जमलं नाही. पाणी तोडलं तर तोडलं."

तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी भांडलो. तुम्ही मला फसवलं, म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, तेवढं कबूल. पण त्यानंतर सांगायला आले तर तुम्ही टाके मोजत होतात."

जेवलो नाही.


१२ डिसेंबर

विणकामावर नजर टाकली नाही. मेथी उपटून टाकली, तणासकट. दादा म्हणाला, "शाबास."


१३ डिसेंबर

दुपारी वहिनी उसवलेली लोकर वाफेवर धरून सरळ करत होती. मग तिनं बाही घातली. मी ओसरीवरून बघत होतो. सैल. टाक्यांतून उजेड दिसत होता. ती पाठीला जोडली असती तर लहान मुलालाही कळलं असतं.

माझं काय जातं, असं मी स्वतःला पाच-सहा वेळा म्हणालो. कळू दे. फजिती होऊ दे. मोडू दे लग्न.

पण ती पाठ माझी आहे. दिवसचे दिवस मान मोडून केलेली. तिला ती गबाळी बाही लागलेली मला बघवेना. वहिनीच्या हातातून काम घेतलं आणि उसवून पहिल्यापासून घातली. वहिनी पोळ्या करायला उठून गेली.

मी हे का करतोय ते मला माहीत नाही. कुणी विचारलं तर लोकरीसाठी असं सांगेन.


१६ डिसेंबर

भानूला भिंतीपाशी गाठलं. सकाळचीच वेळ होती, काकू देवळात.

"भाचा म्हणे!"

ती समजली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तू मला सांगायला पाहिजे होतंस."

"काय सांगायला पाहिजे होतं? तुम्ही कधी विचारलंत का?"

"तुला पाहिजे आहे का तो फर्दापूरवाला?"

"मी पाहिलंय कुठं त्याला. शुक्रवारी बघीन, मान खाली घालून जेवढा दिसेल तेवढा."

मी म्हणालो, मी दादाशी बोलतो. मी काकूंशी बोलतो. मी म्हणालो, नाहीतर आपण निघून जाऊ.

भानू हसली नाही. हसली असती तर बरं होतं. "कुठं जायचं सदूभाऊ? तुमच्या वाफ्यात? मेथीसुद्धा ठेवली नाहीत तुम्ही." मग हळू म्हणाली, "तुम्हाला राग आला, तुम्ही कॉलेज टाकून गाडीत बसून आलात. घरी आलात. मला राग आला तर मी कोणत्या गाडीत बसू? आणि उतरू कुठं?"

मी भिंतीवरची दोडक्याची वाळकी पानं खुडत राहिलो.

जाताना तिनं विचारलं, "गळा झाला का?"


१९ डिसेंबर

गळा झाला. वहिनीनं ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. काकू येऊन घेऊन गेल्या, वहिनीला म्हणाल्या, "बाई, सोन्याचे हात तुझे." मी आत उभा होतो.

उद्या शुक्रवार, सरकारी सुट्टी, दादा घरीच. काकूंनी आमच्या घरच्या सगळ्यांना बोलवलंय आणि आमच्या दोन खुर्च्या मागितल्यात. खुर्च्या मी घेऊन जाणार आहे. सगळे बसले की सगळ्यांसमोर सांगणार आहे, हा स्वेटर मी विणलाय. एक वाक्य. लग्न तिथंच मोडेल. मग पुढचं पुढं.


२० डिसेंबर

सगळं लिहितो.

मी खुर्च्या नेल्या. मुलगा खरंच उंच. चेहरा साधा, कान मोठे, सारखा रुमालानं मान पुसत होता. त्याला मारावं असं काहीच त्याच्यात नव्हतं, म्हणून आणखीच चडफडलो. बरोबर बाप, आई आणि एक आत्या. आत्याच मुख्य. जाडजूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

भानूनं पोहे दिले, नमस्कार केले, बसली. काकूंनी तबकात रुमाल, तोरण, आणि वर माझा स्वेटर ठेवून आणला. आत्याबाईंनी रुमाल बाजूला सारला. स्वेटर घेतला आणि पहिल्यांदा काय केलं, तर उलटा केला. आतली बाजू बघायला लागल्या. एकेक शिवण.

मी बोलायला तोंड उघडलं होतं.

"आत एक गाठ नाही," आत्याबाई मुलाच्या आईला म्हणाल्या. "बघ गं वहिनी, कुठं लोकर जोडली ते सापडत नाही. आणि टाका बघ. पहिला तसा शेवटचा. पंचवीस वर्षं विणतेय मी, असा हात पाहिला नाही."

मी तोंड मिटलं. लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला. इतका, की मी कशाला आलोय ते विसरलो. आजवर माझ्या कोणत्याही कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं. कॉलेजात नाही, घरी नाही.

तेवढ्यात आत्याबाईंनी पिशवीतून सुया आणि लोकर काढली. घरूनच आणली होती. "घे गं पोरी, चार ओळी घालून दाखव. मला तुझी लोकर धरायची पद्धत बघायचीय. एवढा घट्ट येतो कसा?"

काकूंचा चेहरा पांढरा पडला. भानूनं सुया घेतल्या. सुया उलट्या धरल्या होत्या. कुणाच्या अजून लक्षात आलं नव्हतं. तिनं मान वर केली नाही, पण सुयांची टोकं एकमेकींवर वाजत होती. टिक टिक टिक.

आता मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. जे मला पाहिजे होतं ते आपोआप झालं असतं.

मी म्हणालो, "तिच्या बोटाला नखुरडं झालंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादासुद्धा.

"उजव्या हाताला. अजून दुखतं तिला. सांगायला लाजते."

"होय हो," कोपऱ्यातून वहिनी म्हणाली, पापणीही न हलवता. "चार दिवस बोटाला लिंबू होतं बिचारीच्या. गळा तसाच पुरा केलाय तिनं."

"अगंबाई! मग ठेव, ठेव," म्हणत आत्याबाईंनी सुया काढून घेतल्या. भानूनं हात पदराखाली घेतला. "दुखऱ्या बोटानं पुरा केलास? वा! लग्न झाल्यावर दाखव मग. फर्दापूरला डोंगराचा वारा आहे, घरात सात माणसं. सगळ्यांना एकेक लागेल."

मुलानं स्वेटर तिथंच घालून पाहिला. बरोबर बसला.

मी खुर्च्या न घेताच घरी आलो.


२१ डिसेंबर

ठरलं. फाल्गुनात.


३ जानेवारी १९४१

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. उठायचं, पाट सोडायचा, जेवायचं, झोपायचं. दादा माफीनामा लिहून आणतो आणि माझ्यापुढं ठेवतो. मी सही करत नाही. भांडतही नाही. दादाला त्याचीच जास्त काळजी वाटायला लागली आहे.

आज काकू भानूला घेऊन आल्या. वहिनीला म्हणाल्या, "आता तू हिला शिकव बाई. दोन महिने आहेत. त्या आत्याबाई चार ओळी घालायला लावल्याशिवाय राहायच्या नाहीत. आणि तुझ्यासारखंच यायला पाहिजे, डिट्टो. त्यांनी टाका न् टाका पाहिलाय."

काकू गेल्यावर माजघरात आम्ही तिघंच. वहिनीनं सुया उचलल्या, खाली ठेवल्या.

"माझ्यासारखं शिकवून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांनी पाहिलाय तो हात माझा नाही."

भानू जमिनीकडं बघत होती. मी उठून परसात गेलो. दोडक्याचा वेल वाळलाय, काठ्याच उरल्यात. पंधरा मिनिटं तिथं उभा राहिलो आणि परत आलो.

"लोकर डाव्या बोटाला दोन वेढे घे," मी म्हणालो.


९ जानेवारी

वहिनी मधे बसते, तूर सोलते. बाहेरून कुणी आलं तर सुया वहिनीच्या हातात जातात.

भानूला खरंच येत नाही. वीस टाके घातले तर चौथ्या ओळीला सव्वीस होतात. "हे कुठून आले?" विचारलं तर म्हणते, "संक्रांतीसाठी आले असतील, पाहुणे." मी ओरडतो. ती म्हणते, "ओरडा. तिकडं गेल्यावर कुणी ओरडलं तर सवय असेल."


१८ जानेवारी

एक वाईट गोष्ट केली. मी तिला पट्टी चुकीची शिकवली. परतताना सुलटावर उलट घालायला सांगितलं. अशानं पट्टी आवळत नाही, खालून पसरते, घोळदार होते. दोन दिवस ती घरी मन लावून तेच घालत होती. सहा इंच घालून आज दाखवायला आणली, किती खूष होती. "एकही टाका सुटला नाही, बघा!"

मनात होतं, जाऊ दे अशीच. फजिती होऊ दे फर्दापुरात. आठवण तरी राहील.

वहिनीनं तुरीचं सूप बाजूला ठेवून पट्टी हातात घेतली. भानू गेल्यावर म्हणाली, "इथं उसवायला मी आहे, तुम्ही आहात. तिकडं तिचं चुकलेलं कोण उसवून देणार आहे, भाऊजी?"

एवढंच. पुन्हा तूर सोलायला लागली. तिचं ते बोट अजून थोडं वाकडंच आहे, माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.


१९ जानेवारी

भानूला म्हणालो, परवा मी चुकीचं सांगितलं. माझी चूक. तिनं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. विचारलं नाही, चूक कशी झाली. सहा इंच उसवले. उसवताना गुंडा मी धरला होता.


६ फेब्रुवारी

मजीद येऊन गेला. मी शिकवताना त्यानं पाहिलं, दारातूनच परत वळत होता. मी म्हणालो, बस. निघताना हळूच म्हणाला, "सद्या, मागावर येतोस का? अब्बा को एक हाथ होना है. कारकुनी तेरे से नहीं होगी, और कॉलेज तू जाता नहीं." मी म्हणालो, बघू. फार थकल्यासारखं वाटतं. काहीही म्हणायला जोर लागतो.

भानूची ओळ सरळ यायला लागली आहे. टाका अजून सैल. तिला म्हणालो, लोकर ओढून धर, ओढताना कुणाचा तरी राग आठव. "कुणाचा?" म्हणाली. "तो तुझा तू ठरव."

संध्याकाळी पाहिलं तर टाके बरेच आवळून आले होते. कुणाचा आठवला ते विचारलं नाही.


२४ फेब्रुवारी

लग्नाला दहा दिवस. शेजारी मांडवाचे बांबू पडलेत. काकू म्हणाल्या, उद्यापासून मुलीला बाहेर सोडणार नाही, हळदीचं बघायचंय, पाहुणे यायला लागतील. तरी भानूनं वहिनीमार्फत विचारलं होतं की अडलं तर उद्याही येऊ का.

आज तिला लहान बाही घालायला दिली होती. वहिनी चुलीपाशी गेली होती, हाकेच्या अंतरावर. आठव्या-नवव्या ओळीला एक टाका सुटला. मी पाहिला. तिनंही पाहिला. अशा वेळी ती माझ्याकडं बघते आणि सुया माझ्यापुढं धरते. दोन महिने हेच. मी टाका उचलून देतो, सुया परत देतो. माझा हात पुढं झालाही होता.

तिनं बघितलं नाही. जीभ दातांत धरली, दोन ओळी खाली गेलेला टाका सुईच्या टोकानं गाठला, एकेक पायरी वर आणला, सुईवर चढवला. बोटावरचा वेढा ओढून घट्ट केला आणि पुढं विणायला लागली.

मी हात मागं घेतला. तिला दिसला नाही.

ओळ संपवून तिनं बाही माझ्याकडं दिली. मी उजेडाला धरली, ताणली, उलटी केली. कुठला टाका सुटला होता तो मलाच सापडेना.

"मग?" भानू म्हणाली. "उद्या येऊ का?"

वहिनी चुलीपासून इकडं बघत होती.

"आता यायची गरज नाही," मी म्हणालो.